बाटली क्रमांक ५३-एन

त्या दिवशी गावातल्या १०७ जणांनी दंड पुढे केला. लस प्लेगची होती, थेट मुंबईहून आलेली. बाटल्या पाच होत्या. चार बाटल्यांतून ज्यांना टोचलं त्या ८८ जणांना काही झालं नाही. टोचल्यावर येतो तेवढा ताप आला आणि गेला. उरलेल्या १९ जणांच्या वाट्याला पाचवी बाटली आली. तिच्यावर ५३-एन असा क्रमांक होता. आठवडाभरात त्या १९ जणांची दातखीळ बसू लागली आणि त्यांतला एकही वाचला नाही.

गावाचं नाव मुलकोवाल, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातलं. तारीख ३० ऑक्टोबर १९०२. १९ माणसं मेली ती प्लेगने नव्हेत. प्लेग त्या लसीत मेलेलाच होता. त्यांना मारलं धनुर्वाताने.

आपल्याकडे या रोगाला फार नेमकं नाव आहे. दातखीळ बसते, चेहऱ्याचे स्नायू ताणले जाऊन ओठ फाकतात आणि रोगी हसतोय असं वाटतं. मग मान ताठते आणि पाठ मागे वळत जाते. शेवटी टाचा आणि डोक्याची मागची बाजू एवढीच अंथरुणाला टेकते, मधलं अंग प्रत्यंचा ओढलेल्या धनुष्यासारखं वर उचललेलं. सुश्रुताने याला धनुस्तंभ म्हटलं. कुणी दार आपटलं, दिवा पुढे आणला, अंगावरची चादर नुसती सरकवली तरी झटका येतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रोगी शुद्धीवर असतो. मेंदूज्वरात माणूस निदान बरळतो, भान हरपतो. धनुर्वातात सगळं कळत असतं.

ज्या जंतूमुळे हे होतं तो मुळात मातीत आणि शेणा-लिदीत राहणारा. माणसाशी त्याचं काही वैर नाही. त्याला हवा सोसत नाही, म्हणून हवेत असताना तो बीजाणूच्या रूपात, कवच घालून झोपून राहतो. ते कवच असं चिवट की साध्या उकळीलाही सहज दाद देत नाही. खोल, अरुंद, हवा न पोचणारी जखम मिळाली की तो जागा होतो. लहानपणी आमच्या घरी पायात खिळा घुसला की पहिला प्रश्न असायचा, “गंजलेला होता का?” गंजाचा यात काहीही दोष नाही. दोष खिळ्याला चिकटलेल्या मातीचा आणि खिळ्याने पाडलेल्या अरुंद भोकाचा. इंजेक्शनची सुई पाडते तेही भोक तसंच.

मातीतून हा रोग जनावरांना देता येतो हे १८८४ साली जर्मनीत आर्थर निकोलायरने दाखवलं. जंतू वेगळा काढून वाढवणं साधलं ते १८८९मध्ये शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञाला, बर्लिनमध्ये, रॉबर्ट कोखच्या प्रयोगशाळेत. पुढच्याच वर्षी कितासातो आणि एमिल फॉन बेरिंग यांनी त्याच्या विषावरचा उतारा रक्तातल्या द्रवात सापडतो हे सिद्ध केलं. मुलकोवालच्या आधीच्या वीस वर्षांत एवढं सगळं समजलं होतं. विष मज्जारज्जूत पोचून नेमकं काय करतं, हे मात्र कळायला आणखी नव्वद वर्षं लागायची होती.

आता मुंबईकडे वळू, कारण ५३-एन भरली गेली ती परळला.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असं उघड सांगितलं. सुरुवातीला अनेकांना ते पटलं नाही. पटलं तोवर अर्ध्या मुंबईने सामान बांधलं होतं. सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावून घेतलं. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पटकीची लस करून हिंदुस्थानात आला होता आणि बंगालात खेडोपाडी ती टोचत होता. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली.

ती कशी केली हे सांगण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा खटला त्या कृतीभोवती फिरतो. मांसाचा रस्सा करून गाळायचा. हिंदू आणि मुसलमान दोघांना चालावा म्हणून गाय-डुकराऐवजी बोकडाचं मांस घेतलं होतं. त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या तुपाला धरून वाढतात आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे झुंबर लोंबावेत तसे खाली लोंबतात. चंबू हलवला की झुंबर तुटून तळाशी बसतात आणि तुपाखाली नवे लोंबू लागतात. असं काही आठवडे चालल्यावर सगळं तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं आणि बाटलीत भरायचं. परदेशी प्रयोगशाळेतली एवढी मोठी विद्या शेवटी आपल्या फडताळातल्या तुपावर तरंगत होती, याचं मला कायम कौतुक वाटतं.

१० जानेवारी १८९७ला हाफकिन यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली, १० सी.सी. म्हणजे चांगलीच भरभक्कम मात्रा. ताप चढला, उतरला. महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या राजी असलेल्या कैद्यांना टोचलं आणि लस उपयोगी पडते असं दिसलं. पुढे आगाखानांनी स्वतः टोचून घेतलं आणि आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. ऑगस्ट १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटात सुरू झाली. त्या वाड्यात एका गव्हर्नरच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाला होता आणि त्यानंतर गव्हर्नरांनी आपलं बिऱ्हाड मलबार हिलवर हलवलं होतं. जिथे लाटसाहेबांच्या मेजवान्या झडत तिथे आता प्लेगच्या रश्श्याचे चंबू मांडले गेले.

हे सगळं घडत होतं ते कुठल्या वातावरणात, तेही विसरून चालणार नाही. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसून झडत्या घेत होते. १८९७च्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, जूनमध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडला गोळी घातली, पुढच्या वर्षी मुंबईत प्लेगच्या बंदोबस्तावरून दंगल उसळली. सरकारचा हात अंगाला लागू द्यायला लोक तयार नव्हते. लस मात्र ऐच्छिक होती, आणि हाफकिन यांना ती तशीच हवी होती. सक्ती आणि संशय यांच्या त्या गदारोळात थोडाफार विश्वास कमावलेली गोष्ट होती ती एवढीच.

१९०२मध्ये पंजाब सरकारने मोठी मोहीम आखली. लाखांनी मात्रा हव्या होत्या आणि परळची जुनी पद्धत संथ होती. हाफकिन यांनी कृती बदलली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रूढ झालेली पद्धत त्यांनी उचलली आणि कार्बोलिक ॲसिड वगळलं. नीट तापवलं की जंतू मरतात, मग औषध कशाला, हा त्यांचा हिशेब. शास्त्राच्या दृष्टीने तो बिनचूक होता. कारभाराच्या दृष्टीने मात्र त्यांनी आपल्या गळ्यात फास अडकवून घेतला, असं आज म्हणावंसं वाटतं. छापील नियमात असलेली एक पायरी गाळायची आणि तसा वरून लेखी हुकूम घ्यायचा नाही, ही चूक सरकारी नोकरीत मुरलेला कुठलाही हेडक्लार्क करणार नाही.

मुलकोवालची बातमी आली तेव्हा पंजाबातली मोहीम जागच्या जागी बसली. सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स अध्यक्ष, सोबत दोन लष्करी डॉक्टर. आयोगाचा निष्कर्ष असा की धनुर्वाताचे जंतू बाटली गावात उघडण्याआधीच तिच्यात होते. म्हणजे दोष परळचा, आणि परळ म्हणजे हाफकिन. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटलाही विचारलं गेलं. त्यांचं उत्तर सावध होतं: टोचताना जंतू बहुधा बाटलीतल्या द्रवात होतेच, पण ते तिच्यात कधी आणि कुठल्या वाटेने शिरले हे ठरवणं अशक्य आहे. ‘अशक्य’ हा शब्द आरोपीच्या बाजूने वाचायचा असतो. सरकारने तो तसा वाचला नाही. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं, १९०४मध्ये ते इंग्लंडला निघून गेले आणि परळची सूत्रं बॅनरमन यांच्याकडे गेली.

चौकशीची कागदपत्रं प्रसिद्ध व्हायला १९०६चा डिसेंबर उजाडला. आणि तीच हाफकिन यांच्या कामी आली.

मुलकोवालला टोचण्याचं काम करणारे डॉ. इलियट बाटली उघडली की तिचा वास घेत. ५३-एनलाही वाईट वास नव्हता. ही बाटली परळला ४१ दिवस आधी भरलेली. धनुर्वाताचे जंतू पोषक रश्श्यात वाढले की घाणेरडा वास सुटतो, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही ठाऊक होतं. पंजाबच्या त्या मोसमात ४१ दिवस बंद बाटलीत जंतू वाढत होते आणि बूच काढल्यावर वास आला नाही, हे पटत नाही.

दुसरी गोष्ट चिमट्याची. बुचं काढायला एक चिमटा होता. ५३-एन उघडण्याच्या वेळी तो मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात जरा हलवला आणि त्यानेच बूच काढलं. नियम होता चिमटा ज्योतीवर धरण्याचा. पंजाबातल्या गावची जमीन, गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या वावरातली. तिच्यातले बीजाणू कार्बोलिकच्या पाण्यात क्षणभर बुचकळून मरणारे नव्हते. तीव्र कार्बोलिकमध्येही ते तासन्‌तास तग धरतात, हे कितासातोने आधीच दाखवून ठेवलं होतं. त्यातून आणखी एक गोष्ट निघते. परळच्या बाटलीत जुन्या नियमाप्रमाणे कार्बोलिक घातलं असतं तरी त्या पातळ प्रमाणात ते बीजाणूंना मारू शकलं नसतं. फार तर त्यांची वाढ रोखून धरलं असतं.

मला स्वतःला सगळ्यांत बोलका पुरावा वाटतो तो टोचल्यापासून दातखीळ बसेपर्यंतच्या त्या आठवड्याचा. दिवसांचा हा हिशेब मज्जातंतूच करून देतात, आणि आज तो आपल्याला नीट वाचता येतो.

धनुर्वाताचा जंतू स्वतः जखमेपासून हलत नाही. तिथेच बसून तो विष करतो. हे विष स्नायूपाशी असलेल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतं आणि तंतूच्या आतून उलट्या दिशेने, मज्जारज्जूकडे चालू लागतं, दिवसाला काही इंच या गतीने. थोडं विष रक्तातून सगळ्या अंगात पसरतं आणि ठिकठिकाणच्या तंतूंमध्ये शिरतं. ज्या तंतूची वाट सर्वांत तोकडी, तिथलं विष आधी पोचतं. जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या तंतूंची वाट तोकडी, मान-पाठीची त्याहून लांब, हातापायांची सर्वांत लांब. म्हणून टोचलं दंडाला तरी दातखीळ आधी बसते, आणि धनुष्य वरून खाली ताणलं जातं.

मज्जारज्जूत पोचल्यावर ते विष काय करतं, हे १९९२मध्ये इटलीतल्या संशोधकांनी उलगडलं. आपल्या प्रत्येक स्नायूला दोन प्रकारचे हुकूम जात असतात, एक आवळ आणि दुसरा थांब. कोपर दुमडताना पुढचा स्नायू आवळतो तेव्हा मागच्याला ‘थांब’ असा निरोप गेलेला असतो. हा थांबवणारा निरोप ज्या पेशी देतात त्यांच्या टोकाशी रासायनिक द्रव्याच्या बारीक पिशव्या असतात. पिशवी फुटून द्रव्य बाहेर पडायला एक विशिष्ट प्रथिन लागतं. धनुर्वाताचं विष हे त्या प्रथिनाला कापणारी कात्री आहे. प्रथिन कापलं गेलं की ‘थांब’ म्हणणारं कुणी उरत नाही. मग डास चावल्याची खबरसुद्धा अंगातल्या सगळ्या स्नायूंना एकदम आवळण्याचा हुकूम होऊन पोचते. लुळं पाडणारे रोग आपल्या ओळखीचे आहेत. धनुर्वातात मात्र ताकद जात नाही, ताकदीला असलेला लगाम जातो.

आता दिवस मोजू. बाटलीत ४१ दिवस जंतू वाढले असते तर रश्श्यात विष तयारच मिळालं असतं, तेही भरपूर, कारण हे विष जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. सुईबरोबर तेच दंडात गेलं असतं. जंतू रुजायला, वाढायला, विष करायला लागणारा वेळ वाचला असता, आणि मात्रा जितकी मोठी तितका रोग लवकर दिसतो. मुलकोवालमध्ये मात्र आठवडा गेला. चिमट्याला लागलेले मूठभर बीजाणू बाटलीत पडले, सुईतून दंडात गेले, तिथे जागे झाले, वाढले आणि मग विष निघालं, असं मानलं तर तो आठवडा बरोबर जुळतो. पायात खिळा घुसल्यावर जेवढे दिवस लागतात तेवढेच. यावर कुणी म्हणेल, बाटलीत बीजाणू होते पण ते रुजले नव्हते. म्हणेना का. पण मग परळच्या ताज्या रश्श्यात ४१ दिवस न रुजलेले बीजाणू मुलकोवालच्या माणसांत एका आठवड्यात रुजले, हे त्याला पटवून द्यावं लागेल.

अशा अपघाताला त्या काळी एक ताजं उदाहरणही होतं. बरोबर वर्षभर आधी, १९०१च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात घटसर्पावरच्या रक्तद्रवाने १३ मुलं धनुर्वाताने दगावली. तो द्रव ज्या घोड्याच्या रक्तातून काढला होता, त्या जिम नावाच्या दूधगाडीच्या म्हाताऱ्या घोड्यालाच धनुर्वात झालेला होता. तिथल्या सरकारने १९०२मध्ये कायदा करून लस आणि रक्तद्रव बनवण्यावर देखरेख बसवली. इथल्या सरकारने एक माणूस शोधला.

त्या माणसाच्या बाजूने उभे राहिले ते रोनाल्ड रॉस. अल्मोड्यात जन्मलेले, सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधलेले आणि मुलकोवाल घडलं त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळालेले. सरकारी वैद्यकखात्याचा जाच त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं भोगला होता, त्यामुळे हाफकिन यांची बाजू घेताना त्यांना विशेष जोर चढला असणार. त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं, वर्तमानपत्रांत लिहिलं. २९ जुलै १९०७ला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र छापून आलं, त्यात रॉस होतेच. आरोप सिद्ध झालेला नाही, पुरावा उलट बाजूलाच झुकतो आहे, असा त्याचा सूर. पार्लमेंटात प्रश्न निघाले. हाफकिन ज्यू, त्यात रशियाचे, आणि सैन्याच्या वैद्यकखात्यातले नव्हेत. तेव्हा या प्रकरणाला ‘छोटं ड्रेफस प्रकरण’ म्हटलं गेलं. खरा ड्रेफस, खोट्या आरोपात अडकवला गेलेला ज्यू लष्करी अधिकारी, आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये निर्दोष ठरला होता. नोव्हेंबर १९०७मध्ये हाफकिनही दोषमुक्त झाले.

परळ मात्र त्यांना परत मिळालं नाही. तिथे बॅनरमन होते. हाफकिन १९०८मध्ये कलकत्त्याला रुजू झाले, १९१५मध्ये पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन युरोपला गेले आणि १९३०मध्ये लोझानला वारले.

१९२५मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. पंजाबाने काय गमावलं ते सांगायला मात्र कुठली पाटी लागली नाही. तिथे लोकांनी पुढची काही वर्षं लसीकडे पाठ फिरवली, आणि प्लेग काही थांबला नाही.

हाफकिनच्या नावाने पुढे ज्या वस्तू परळहून देशभर गेल्या, त्यांत धनुर्वातावरचा उतारा होता. तो घोड्यांच्या रक्तातून काढतात. घोड्याला धनुर्वाताचं नरम केलेलं विष थोडं थोडं टोचत जायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार होऊ द्यायचा, मग रक्तद्रव काढून शुद्ध करून बाटल्यांत भरायचा. त्या बाटल्या आजही टोचण्याआधी उजेडाकडे धरून पाहतात, गढूळ तर नाही ना, बूच सैल तर नाही ना. खेड्यातल्या दवाखान्यात कुणी चिखलाने माखलेला पाय घेऊन आला की डॉक्टर आधी जखम धुतात, मग सुई भरतात. घाई असते ती एवढ्यासाठी की विष तंतूच्या आत शिरलं की उतारा त्याला गाठू शकत नाही. जे अजून वाटेला लागलेलं नाही तेवढंच त्याच्या हाती लागतं.